‘शापित गंधर्व’ म्हणणं आता पुरे झालं

कडू_कारलं (धागाकर्ता)

पुण्यात एफसी रोडवर टांगलेला तो काळा टी-शर्ट सगळ्यांनी पाहिला असेल, पांढऱ्या डोंगररांगांसारख्या रेघांचा. भाच्यानं घेतला. कशाचं चित्र आहे विचारलं, तर म्हणे, “मामा, भारी दिसतं.” त्या रेघा पल्सार नावाच्या एका ताऱ्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या. जॉय डिव्हिजन या इंग्लंडमधल्या बँडच्या १९७९ सालच्या पहिल्या अल्बमचं ते मुखपृष्ठ. गायक आणि गीतकार इयन कर्टिस. १८ मे १९८० रोजी, अमेरिकेच्या दौऱ्यावर निघायच्या आदल्या दिवशी, त्यानं जीव दिला. वय २३.

हे सांगितल्यावर भाच्यानं दोन दिवस ती गाणी ऐकली आणि म्हणाला, “इतकं सोसलं म्हणूनच इतकं लिहू शकला ना?”

डोकंच फिरलं माझं. या ‘म्हणूनच’शी माझं भांडण आहे.

जानेवारी १९७९ मध्ये त्याला अपस्माराचं निदान झालं. झोप हवी, दारू नको, दगदग नको. बँडच्या आयुष्यात यातलं काय जमणार? ४ एप्रिल १९८० ला लंडनमध्ये एकाच रात्री दोन कार्यक्रम ठेवले होते. पहिल्यात लखलखणाऱ्या दिव्यांनी त्याला स्टेजवर फिट आली. तो नाचायचाच झटके आल्यासारखा, त्यामुळे नाच कुठे संपला आणि आजार कुठे सुरू झाला हे समोरच्यांना कसं कळणार? दुसऱ्या कार्यक्रमात पुन्हा फिट. पुढच्या दोन-तीन दिवसांत जीव द्यायचा पहिला प्रयत्न. आणि ८ एप्रिलला इंग्लंडमधल्याच ‘बरी’ नावाच्या गावात हा माणूस परत स्टेजवर!

दुसऱ्या अल्बमचं रेकॉर्डिंग चाललेलं असताना त्याची बेल्जियन मैत्रीण आनिक हिनं त्याच्या गाण्यांचे शब्द ऐकून धसका घेतला. रेकॉर्ड कंपनीच्या टोनी विल्सनला तिनं तसं सांगितलंही. त्याचं म्हणणं पडलं, छे, ही कला आहे. सोबत वाजवणाऱ्यांनीही नंतर कबूल केलं की शब्दांकडे आमचं लक्षच नव्हतं. माणूस हाका मारतोय आणि आपण वाहवा करतोय. ‘शापित गंधर्व’ म्हटलं की हेच होतं. शाप म्हटला की डॉक्टरचं काम संपलं.

तळ्यात_मळ्यात

कारलेबुवा, कळकळ पोचली, पण तुम्ही गाण्यांची केस-फाइल करून टाकली आहे.

कर्टिस भरपूर वाचायचा, पात्रं रचायचा. मॅकल्सफील्डच्या रोजगार कार्यालयात अपंगांना काम मिळवून द्यायची त्याची नोकरी होती. तिथे आकडी येणारी एक मुलगी नोकरी शोधायला यायची. ती पुढे वारली. ‘शी'ज लॉस्ट कंट्रोल’ हे गाणं तिच्यावरचं आहे. हे निरीक्षण झालं, कबुलीजबाब नव्हे. प्रत्येक काळी ओळ लक्षण मानायची ठरवली, तर लिहिणाऱ्यानं लिहायचं काय? उद्या कुणी चार ओळी उदास लिहिल्या की घरचे दारात हजर.

स्वतःचं सांगतो. तिसऱ्या वर्षाला चार केट्या, हॉस्टेलची खोली, घरी सांगायची सोय नाही. “पॉझिटिव्ह विचार कर रे” म्हणणाऱ्यांनी जेवढा जीव खाल्ला तेवढा कुणीच नाही. ही काळी गाणी रात्रभर सोबत बसली. काहीही शिकवत नव्हती, म्हणूनच बसू दिली.

कडू_कारलं

गाणी ऐकू नका असं मी कुठे म्हटलं? मीही ऐकतो. नडतं ते कौतुकाचं कारण.

उंटावरचा_शहाणा

भावना बाजूला ठेवू. स्वीडनमध्ये तीन लाखांवर मनोरुग्णांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०११ मध्ये छापून आला. बायपोलर (कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाची उदासी असा आजार) असलेले लोक सर्जनशील व्यवसायांत प्रमाणापेक्षा जास्त सापडले. मग आजारातून प्रतिभा येते हे नुसतं मिथक कसं?

बाराखडी

शहाणेसाहेब, तोच अभ्यास पुढे वाचा. नुसतं नैराश्य असलेल्यांत अशी वाढ नव्हती. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांतही एकूणात नव्हती. त्यांच्या *निरोगी* भावंडांत होती. काहीतरी घराण्यात येत असेल, पण पेन धरलेला हात बऱ्याचदा धडधाकट भावाचा असतो. चित्रकार व्हॅन गॉगसुद्धा झटका आला की सहसा चित्रं काढू शकत नव्हता. काढायचा ती बहुतेक मधल्या बऱ्या दिवसांत.

आता माझं. माझ्या धाकट्या बहिणीला बारावीत फिट येऊ लागल्या. कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, अंगारा झाला. मग डॉक्टर. गोळी फेनोबार्बिटोन. स्वस्त आणि जुनी, फिट थांबवते. कर्टिसच्या उपचारातही तीच होती. काहींना ती मनानं पार खाली ओढते. सहा महिन्यांत आमची बडबडी मुलगी भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. आई म्हणायची, वय तसं आहे. डॉक्टरांनीच हळूहळू औषध बदललं (मनानं कुणी बंद करू नका, फिट उलट वाढतात) आणि पोरगी परत आली. आज शाळेत गणित शिकवते. कविता एकही केली नाही. तिचं दुःख काय हलक्या प्रतीचं होतं?

म्हणून प्रतिभा-बितिभा ऐकलं की मला आधी गोळीचं नाव विचारावंसं वाटतं.

आणि इथे वाचणाऱ्या कुणाच्या मनात तसलं काही येत असेल तर टेलि-मानसला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

उंटावरचा_शहाणा

भावंडांचा मुद्दा मान्य. बायपोलरचा सोडत नाही.

तळ्यात_मळ्यात

बाराखडीताई, गोळीची बाजू मला माहीत नव्हती. तरी माझं म्हणणं अर्धं शिल्लक आहे: आजार वगळूनही ते शब्द उभे राहतात. त्याला फक्त रुग्ण म्हणणं हाही अन्यायच.

पण मघापासून एक प्रश्न छळतोय. आनिकचं कुणी ऐकलं असतं, त्याला सहा महिने घरी बसवलं असतं, आणि तो दुसरा अल्बम झालाच नसता, तर मला चाललं असतं का? चटकन ‘हो’ आलं नाही.

कडू_कारलं

मलाही नाही आलं. भाच्याला मात्र ‘हो’ म्हणालो.