मदत हवी आहे: जावात ‘व्हार’ टाकलं आणि २२० किलो संत्री गायब

नमस्कार मंडळी,

मामांची कळमन्याला (नागपूरच्या बाजारात) संत्र्यांची आडत आहे. शेतकऱ्याची पट्टी (मालाच्या हिशेबाचा कागद) काढायला त्यांना एक लहानसा प्रोग्राम जावात लिहून दिला होता (जावा ही प्रोग्रामिंगची भाषा, आवृत्ती १७). मागचा पूर्ण सीझन बिनतक्रार चालला. यंदा आंबिया बहाराच्या तोंडावर मला अवदसा आठवली आणि कोड ‘नीट’ करायला बसलो. व्हेरिएबलचा प्रकार (पूर्णांक की अपूर्णांक वगैरे) उजवीकडे दिसतोच आहे तर डावीकडे पुन्हा कायले लिहायचा, म्हणून फाइंड-रिप्लेस मारून सगळीकडे व्हार (var, म्हणजे ‘प्रकार तूच ओळख’) करून टाकलं. क्लासच्या फील्डवर आणि मेथडच्या पॅरामीटरवर कंपायलरने (कोड तपासून चालवण्याजोगा करणाऱ्या प्रोग्रामने) लगेच बोंब मारली, तिथलं परत घेतलं. बाकीचं गुमान कंपाइल झालं.

परवा एका शेतकऱ्याच्या तीन गाड्या आल्या. १२.८५, ९.६० आणि ७.७५ क्विंटल. एकूण ३०.२० व्हायला पाहिजे, पट्टीवर आले २८. राउंडिंग म्हणावं तर ३० तरी आले असते! मामा अजून पाठकोऱ्या कागदावर बेरीज करून पाहतात म्हणून वाचलो. तेव्हापासून ऐकून राहिलो, “तुझ्या कॉम्प्युटरपेक्षा माझा जुना मुनीम बरा होता.”

कोड असा (फोनच्या मराठी कीबोर्डवरून लिहितो आहे, सांभाळून घ्या).

आधी:
डबल एकूण = ०;
फॉर (गाडी ग : गाड्या) एकूण += ग.वजन();

आता:
व्हार एकूण = ०;
फॉर (व्हार ग : गाड्या) एकूण += ग.वजन();

वजन() डबलच (अपूर्णांक धरणारा प्रकार) परत करते, तिला हात लावलेला नाही.

एक मित्र म्हणतो, व्हार लिहिलं की जावा जावास्क्रिप्टसारखी होते, प्रकार चालता चालता बदलतो. मला ते पटून नाही राहिलं. तसं असतं तर १२.८५ सुखाने आत बसले असते ना? आणि फील्डवर एवढा बोंबलणारा कंपायलर इथे गप्प का बसला? असे आणखी खड्डे असतील तर शोधू कसे?

प्रतिसाद

भाऊ, मित्राचं चूक, तुमची शंका बरोबर. व्हारचा प्रकार कंपाइल होतानाच ठरतो आणि मग हलत नाही. तो ठरवताना कंपायलर फक्त उजवीकडे पाहतो. खालच्या ओळीत त्यात काय भरणार आहात, हे तो पाहतच नाही. तुमच्या उजवीकडे नुसतं शून्य आहे, म्हणजे इंट (फक्त पूर्णांक धरणारा प्रकार). आधी ‘डबल’ लिहिलं होतं म्हणून तेच शून्य डबल होऊन बसत होतं. तुम्ही जो शब्द फालतू समजून खोडला, तोच एकटा काम करत होता.

आता गप्प का बसला. यात व्हारचा दोष नाही, += (‘आहे त्यात मिळव’) चा आहे, आणि तो व्हारपेक्षा कितीतरी जुना आहे. व्हार आलं मार्च २०१८ मध्ये, जावा १० बरोबर. ‘एकूण = एकूण + ग.वजन()’ असं लिहून पाहा, लगेच एरर येईल, डबल इंटमध्ये मावत नाही म्हणून. पण += स्वतःच आतल्या आत कास्ट करतं (जबरदस्तीने प्रकार बदलतं) आणि दर वेळी अपूर्णांक छाटतं. तुमचाच हिशेब घ्या: १२.८५ चे १२, त्यात ९.६० मिळवून २१.६० चे २१, त्यात ७.७५ मिळवून २८.७५ चे २८.

उपाय: ० च्या जागी ०.० लिहा. खरं सांगू, अशा ठिकाणी मी तर सरळ ‘डबल’च लिहितो. व्हार शोभतं ते उजवीकडे न्यू आणि क्लासचं लांबलचक नाव असेल तिथे. तिथेही एक गोम आहे. ‘न्यू अ‍ॅरेलिस्ट<>()’ असा रिकामा कंस व्हारसमोर ठेवला की यादी ऑब्जेक्टची (काहीही चालेल अशा सर्वसाधारण प्रकाराची) होते, कारण कंसात काय भरायचं हे डावीकडून कळायचं ते आता कळत नाही. ती चूक निदान यादीतल्या वस्तूवर मेथड बोलावली की एरर देते.

शोधायचं तर जावा २० पासून कंपायलरला ‘लॉसी-कन्व्हर्जन्स’ नावाची लिंट (धोक्याच्या ओळी दाखवणारी तपासणी) आहे, ती नेमकं हेच += पकडते. १७ मध्ये नाही. २१ टाकून त्या लिंटसकट एकदा कंपाइल करा.

धागाकर्ता

दादा, ०.० केलं, ३०.२० आले. २१ टाकून लिंट चालवली तर आणखी दोन ओळी निघाल्या. एक हमालीच्या बेरजेची, तिथेही हेच शून्य.

दुसरी पाहून मात्र घाम फुटला. सीझनची उलाढाल मी पैशांत मोजतो, ‘लाँग’मध्ये (इंटपेक्षा मोठे पूर्णांक धरणारा प्रकार). त्याचंही ‘व्हार उलाढाल = ०’ झालं होतं, म्हणजे इंट. इंटची हद्द २१४७४८३६४७, म्हणजे पैशांत मोजताना २ कोटी १४ लाख रुपयांच्या वर गेलो की आकडा फिरून उणे. अजून सीझन अर्धाही झाला नाही म्हणून ते दिसलं नव्हतं. आता ‘लाँग’ परत लिहिलं आहे.

हे दुसरं मामांना सांगू की नको?