वॉटर पंपाचं बारीक भोक बुजवू नका

इंजिन गार ठेवणारं पाणी फिरवतो तो वॉटर पंप. 'पंप लाखभर किलोमीटर जातोच, मध्ये हात लावायची गरज नाही' असं बरेच जण म्हणतात. कूलंट, म्हणजे त्या पाण्यात मिसळायचं रंगीत द्रव, वेळच्या वेळी बदललं तरच ते खरं. आपल्याकडे पिकअप पिंपळगावला टोमॅटो उतरवून निघते आणि पाणी कमी दिसलं की बोअरचं ओतलं जातं. त्यातला क्षार पंपाच्या सीलवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या भागावर, चरे पाडतो. नाशकात बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, हाही गैरसमजच. ते गंज धरू देत नाही आणि पाणी उशिरा उकळतं, कसाऱ्याच्या चढाला हेच कामाला येतं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. पंपाच्या बॉडीला सील आणि बेअरिंगच्या मधोमध, खालच्या अंगाला बारीक भोक असतं. तिथे कूलंटच्या रंगाची वाळलेली खपली दिसली की सील गेलं समजा. काही जण तिथे एमसील भरून देतात. कृपा करून असं करू नका! बाहेर पडणारं पाणी मग बेअरिंगात शिरतं, ग्रीस धुऊन जातं, पुली डुगडुगते आणि बेल्ट उडतो. इंजिन बंद आणि गार असताना बेल्ट सैल करून पुली हाताने हलवून बघा, खेळ (ढिलेपणा) लागला तर पंपच बदला. नवा बसवताना सिस्टीम धुऊन घ्या आणि हवा पूर्ण काढा.