‘सिंगल यूज’ला मराठीत काय म्हणावे?

भरतीरेषा:
समुद्रातल्या प्लास्टिकविरुद्धच्या मोहिमेचे पत्रक मराठीत करते आहे. ‘सिंगल यूज प्लास्टिक’ पहिल्याच ओळीत आलेय. मी ‘एकल वापर प्लास्टिक’ लिहिले, सरकारी कागदांत तेच सापडते म्हणून. आमच्यातल्या एका ताईंनी वाचून विचारले, “म्हणजे एकट्याने वापरायचे का?” आता मलाही ते तसेच वाचले जातेय. दुसरे काही सुचते का?

कोशकीटक:
ताईंचा आक्षेप रास्त आहे. एकल पालक, एकल वादन, एकल नृत्य. सगळीकडे एकल म्हणजे एकटा. ‘एकदा’ या अर्थी संस्कृतात ‘सकृत्’ आहे आणि तो आपल्याला परका नाही, ‘सकृद्दर्शनी’ मराठीत रुळलेला आहे. ‘सकृदुपयोगी’ करा. नेमका शब्द, समासही शुद्ध.

पाणकळा:
‘सकृद्दर्शनी’ वकिलांच्या तोंडी असतो. पत्रक किनाऱ्यावर वाटायचे असणार, घोषणा द्यायच्या असणार. सरळ ‘वापरून फेकायचे प्लास्टिक’ म्हणा, पोराटोरांनाही कळते.

रात्रपाळी:
सरसकट नको. मी रुग्णालयात काम करते. सिरिंज एकदाच वापरायची असते, आणि तशी ती असते म्हणूनच सुईवाटे कावीळ, एचआयव्ही पसरायचा धोका टळतो. तिला आणि शाम्पूच्या पुडीला एकच शब्द लावलात, तर वाचणारा पहिला प्रश्न हाच विचारेल. पुडी हातात घेऊन बघा. कोपरा फाडला, शाम्पू तळहातावर पिळला, संपली. पण तिच्यात प्लास्टिकचे आणि कधी ॲल्युमिनिअमचेही थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवालाही तिला हात लावत नाही. एकदाच वापरणे ही सिरिंजची गरज आहे. पुडीच्या बाबतीत ती विकणाऱ्याची सोय आहे.

कोशकीटक:
मग तर नेमका शब्द आणखीच हवा. ‘एकदाच वापरायचे’ यात आज्ञेचा वास येतो, जणू दुसऱ्यांदा वापरलेत तर गुन्हा. ‘एकोपयोगी’ही नको, त्याचा अर्थ एकाच कामाचे.

उत्तररात्र:
जरा ‘वापर’कडे बघा. वापरणे हे ‘व्यापारयति’वरून आलेय, म्हणजे कामाला लावणे. वापर आणि व्यापार एकाच मुळाचे. इथे सुचवलेले सगळे शब्द मात्र वापरणाऱ्याच्या टोकाला उभे आहेत. व्यापार करणाऱ्याच्या टोकाला एकही नाही. भरतीरेषा, पत्रकातली पुढची ओळ काय केलीत?

भरतीरेषा:
‘दरवर्षी लाखो टन प्लास्टिक समुद्रात जाते.’

उत्तररात्र:
हीच भीती होती. प्लास्टिकला पाय नाहीत. ते बनवतात, विकतात, टाकतात, आणि मग ते वाहत जाते. पहिली दोन क्रियापदे तुमच्या वाक्यातून गळली. १९५३ साली अमेरिकेत डबे, बाटल्या आणि पेये विकणाऱ्या कंपन्यांनी ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ ही संस्था उभी केली. तिच्या १९७१च्या गाजलेल्या जाहिरातीचा आशय असा, की प्रदूषण माणसे सुरू करतात आणि माणसेच थांबवू शकतात. त्या वाक्याला कर्ता होता, पण सोयीचा. तुमच्या वाक्याला तोही नाही. ‘कंपन्या बनवतात’ असे लिहा. ‘एकल’ राहिला तरी चालेल, कर्ता मात्र हवाच.

कोशकीटक:
व्याकरणात राजकारण आणू नये. वेष्टन रस्त्यावर टाकणारा हात कंपनीचा नसतो.

पाणकळा:
हात नसेल, नाव तर असते. २०१८ ते २०२२ या काळात स्वयंसेवकांनी ८४ देशांत उचललेला कचरा ब्रँडनुसार मोजला. निम्म्याहून अधिक तुकड्यांवर नाव वाचताच येत नव्हते. ज्यांवर वाचता आले, त्यांतले निम्म्याहून जास्त ५६ कंपन्यांचे निघाले. एकट्या कोका-कोलाचे ११ टक्के. हा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला, आणि जी कंपनी जास्त प्लास्टिक बनवते तिचाच कचरा त्याच प्रमाणात जास्त सापडतो, असे त्यात दिसले. इतक्या देशांतल्या माणसांना एकाच वेळी वाईट सवय लागली असे म्हणायचे का?

कोशकीटक:
आकडे मान्य. तरी ‘कॉर्पोरेट’ला ‘कंपनी’ हा प्रतिशब्द ढिला आहे.

रात्रपाळी:
‘बड्या कंपन्या’ म्हणा. सगळ्यांना कळते.

पाणकळा:
आणि भरतीरेषा, पत्रकात ‘कचऱ्याचे बेट’ असेल तर आधी काढा. पॅसिफिकमध्ये तसे बेट नाही. बहुतेक तुकडे नखाएवढे किंवा त्याहून बारीक, पाण्यात विखुरलेले. वरून जाणाऱ्याला पाणी स्वच्छही दिसू शकते. बेट म्हटले की लोकांना वाटते, जहाज पाठवून उचलून आणता येईल.

भरतीरेषा:
‘बेट’ आहेच. ‘भोवरा’ करू?

कोशकीटक:
भोवरा खाली ओढतो, हा कचरा गोळा करणारा सागरी प्रवाह हजारो किलोमीटर गोल फिरतो. ‘आवर्त’ लिहा.

रात्रपाळी:
पण २०१८च्या एका अभ्यासात तिथल्या प्लास्टिकच्या वजनातला ४६ टक्के भाग मासेमारीच्या जाळ्यांचा निघाला होता. जाळे काही एकदा वापरून फेकत नाहीत. त्याला या पत्रकात कुठे बसवणार? समुद्रात बेवारस तरंगणाऱ्या अशा जाळ्यांना ‘भूतजाळी’ असा शब्द वाचलाय.

उत्तररात्र:
भूत नको, पुन्हा कर्ता नाहीसा होतो. ‘सोडलेली जाळी’ म्हणा.

पाणकळा:
सगळी सोडलेली नसतात. वादळात सुटतात, खडकाला अडकून तुटतात, आणि त्यात मच्छीमाराचेही नुकसान होते. ‘सुटलेली’ आणि ‘सोडलेली’ असे दोन वेगळे शब्द ठेवा.