मदत हवी आहे : जोंगाचा लो गिअर सटकतोय

राम राम मंडळी. माझ्याकडं 1986 ची जोंगा (लष्करी जीप) आहे, लष्कराच्या लिलावातली, मूळ सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनसकट. (डिझेल बसव म्हणू नका, घरात रोज तेच ऐकतोय.) परवा उसाच्या फडात रुतलेली ट्रॉली ओढायला फोर-व्हील लो (चारही चाकांना जादा जोर देणारा गिअर) टाकला, तर लोड आला की लिव्हर खाडकन न्यूट्रलला. दाबून धरली तर टिकते, पण तळहात बधिर होतो. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) ऑइलमध्ये चमकणारा चुरा दिसला. लिव्हर जागेवर धरणारी बॉल-स्प्रिंग बदलली, फरक शून्य. शिफ्टर फोर्क (गिअर सरकवणारा काटा) झिजलाय की गिअरचे दातच गोल झालेत, खोलायच्या आधी कसं ओळखायचं? उद्यमनगरातले मिस्त्री फोर्क वेल्डिंगनं भरून मशिनिंग करून देतो म्हणतात. ते टिकतं का? जोंगा मुळात निसान पॅट्रोल 60 वरची, तर पॅट्रोलचा फोर्क कुणी बसवून बघितलाय?