अनुभव धागा: सर्व्हरवरची जागा आणि लॉजिकल व्हॉल्यूम

इंदुरात आपल्यापैकी अनेकांच्या कार्यालयात स्वतंत्र सिस्टिम प्रशासक नसतो. हिशेब, छपाई किंवा ग्रंथालयाचे काम करता करताच कुणीतरी एकजण सर्व्हरकडेही पाहतो. डिस्क भरत आल्यावर एलव्हीएमने (अनेक डिस्कची जागा एकत्र करून तिचे हवे तसे भाग, म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम, पाडणारी लिनक्सवरची सोय) आपल्याला नेमके काय करता आले, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

राजवाड्याजवळील छायाचित्र स्टुडिओतून

लग्नसराईत आमच्याकडे चित्रफितींचा साठा इतक्या वेगाने वाढतो, की सर्व्हर बंद करून मोठी डिस्क बसवणे आणि सगळे त्यावर उतरवून घेणे परवडत नाही. रिकाम्या खणात नवी डिस्क सरकवली, 'पीव्हीक्रिएट' करून ती एलव्हीएमसाठी तयार केली, 'व्हीजीएक्स्टेंड'ने ग्रुपमध्ये, म्हणजे डिस्कच्या सामाईक साठ्यात, घेतली आणि 'एलव्हीएक्स्टेंड'ला 'आर' हा पर्याय जोडला, की लॉजिकल व्हॉल्यूमबरोबर त्यावरची फाइलसिस्टिमही (फायली मांडून ठेवणारी रचना) वाढते. हा पर्याय विसरल्यास व्हॉल्यूम मोठा होतो, पण मोकळी जागा दाखवणारी 'डीएफ' ही आज्ञा जुनाच आकडा दाखवत राहते आणि नवा माणूस गोंधळतो. हे सारे होत असताना संकलन करणारी मुले त्याच फोल्डरमध्ये काम करत असतात.

बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त

मी एचपी-यूएक्सवर (एचपी कंपनीची युनिक्स प्रणाली) काम केलेले असल्यामुळे लिनक्सवरच्या या आज्ञा मला ओळखीच्याच वाटल्या. हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये लिनक्ससाठी एलव्हीएम लिहिले, ते एचपी-यूएक्समधल्या व्हॉल्यूम मॅनेजरच्या धर्तीवरच. डिस्कचे सारख्या आकाराचे तुकडे, म्हणजे एक्स्टेंट, पाडायचे (मुळात ठरलेला आकार ४ एमआयबी) आणि कुठल्याही डिस्कवरचे तुकडे घेऊन व्हॉल्यूम बांधायचा, एवढेच याचे मर्म. म्हणूनच माझा आग्रह असा, की पहिल्या दिवशी सगळी जागा वाटून टाकू नये. वाढवणे दोन मिनिटांचे काम आहे, पण एक्सएफएस ही फाइलसिस्टिम लहान करता येते असे समजून कुणी चालू नये, आणि ईएक्सटी४ ही दुसरी फाइलसिस्टिम लहान करायची तर ती अनमाउंट करून (वापरातून सोडवून), तपासून, आधी फाइलसिस्टिम आणि मगच व्हॉल्यूम, याच क्रमाने करावी लागते. क्रम उलटला तर फाइलसिस्टिमचे शेपूटच कापले जाते. ग्रुपमध्ये पाचवा हिस्सा तरी मोकळा असावा, असे माझे मत आहे; मालकांना ती पैशांची उधळपट्टी वाटते, हेही खरे.

ग्रंथालयाच्या स्कॅन विभागातून

आमच्याकडे जुन्या मराठी नियतकालिकांचे स्कॅन आहेत. एका डिस्कच्या स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी देते तो) खराब म्हणून बदललेल्या सेक्टरांची, म्हणजे साठवणीच्या लहान कप्प्यांची, संख्या चढू लागली, तेव्हा नवी डिस्क ग्रुपमध्ये घेऊन आम्ही 'पीव्हीमूव्ह' चालवले. ते जुन्या डिस्कवरचे एक्स्टेंट एकेक करून हलवते आणि व्हॉल्यूम तोवर माउंट केलेलाच राहतो. मधेच पावसाने वीज गेली आणि यूपीएसनेही दम तोडला, तरी सर्व्हर सुरू झाल्यावर कोणतीही डिस्क न सांगता नुसते 'पीव्हीमूव्ह' म्हटले आणि काम पुढे चालू झाले. शेवटी 'व्हीजीरिड्यूस' करून जुनी डिस्क काढली. मात्र हे डिस्क वाचता येते तोवरच करावे. वाचताच न येणारा सेक्टर आडवा आला तर हलवणे तिथेच थांबते.

करसल्लागाराच्या कार्यालयातून

दरमहा २० तारखेला जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र भरायचे असते, त्यामुळे त्या आठवड्यात सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यापूर्वी मी डेटाबेसच्या व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) घेते. काही बिघडले तर 'एलव्हीकन्व्हर्ट'च्या 'मर्ज' पर्यायाने पूर्वस्थितीवर येता येते. स्नॅपशॉटमध्ये फक्त बदललेल्या भागांची जुनी प्रत साठते, म्हणून तो मूळ व्हॉल्यूमपेक्षा लहान चालतो. पण तो काठोकाठ भरला की निकामी होतो, मूळ माहिती मात्र सुरक्षित राहते. आपोआप वाढण्याची सोय मुळात बंद असते (किती भरल्यावर वाढायचे, ती मर्यादा १०० टक्के असते). मी ती ७० वर आणली आहे. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, त्यामुळे बॅकअप निराळा घ्यावाच लागतो.

आभासी सर्व्हर सांभाळणारा

वर कुणी थिन पूलचा (प्रत्यक्ष लिहिले जाईल तेवढीच जागा देणाऱ्या साठ्याचा) उल्लेख केला नाही, याचे मला बरेच वाटले. जवळ असलेल्या जागेपेक्षा अधिक जागा वाटता येते हे आकर्षक आहे, परंतु पूल खरोखर भरला, तर लिहिण्याच्या विनंत्या मुळातल्या नियमाप्रमाणे ६० सेकंद थांबून मग त्रुटी देऊ लागतात, आणि त्याचा फटका त्यावरच्या प्रत्येक आभासी यंत्राला बसतो. पूलच्या मेटाडेटाची (कुठला तुकडा कुठे आहे या नोंदींची) जागा वेगळी असते. व्हॉल्यूमची यादी देणाऱ्या 'एलव्हीएस'मध्ये दोन्ही टक्केवाऱ्या पाहाव्या लागतात. जिथे रोज कुणी पाहणारे नाही, तिथे मी साधे व्हॉल्यूमच देतो.

ग्रंथालयाच्या ताईंना एक प्रश्न: स्कॅनचा व्हॉल्यूम अनेक डिस्कवर नुसता पसरलेला आहे, की खाली रेड (एक डिस्क गेली तरी माहिती वाचवणारी मांडणी) आहे? पसरलेला असेल तर एक डिस्क गेली की सगळा व्हॉल्यूम धोक्यात येतो.

ग्रंथालयाच्या स्कॅन विभागातून

दादा, तेव्हा तो पसरलेलाच होता. स्कॅनची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर होती, एवढाच आधार. नंतर पुरेशी मोकळी जागा झाल्यावर 'एलव्हीकन्व्हर्ट'ने त्याच व्हॉल्यूमचे रेड १ मध्ये (वेगवेगळ्या डिस्कवर एकसारख्या दोन प्रती) रूपांतर केले, तेही माउंट असतानाच. दोन्ही प्रती जुळेपर्यंत 'एलव्हीएस'मधली टक्केवारी सावकाश चढत होती आणि सभासदांना स्कॅन उघडत होते, फक्त थोडे रेंगाळत.