पॅल्पेशन आणि पॅल्पिटेशन

डॉक्टर रुग्णाला हाताने चाचपून तपासतात त्याला पॅल्पेशन म्हणतात; त्याचा अर्थ 'दाबून तपासणे' असा एका चर्चेत आलाय. अर्थ चूक नाही, पण मूळ लॅटिन क्रियापद 'पाल्पारे' फार हळुवार आहे: गोंजारणं, अलगद हात फिरवणं. लाडीगोडी लावणं, खुशामत करणं या अर्थानेही ते वापरलं जाई. दाबणं त्यात नाहीच.

मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण पोट तपासण्याची चांगली पद्धत नेमकी अशीच असते. हात आधी ऊबदार करायचे, रुग्णाला गुडघे दुमडायला सांगायचं, दुखरी जागा शेवटी ठेवायची. सुरुवात बोटांच्या टोकांनी नव्हे, तर सपाट पंज्याने, आणि नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर. गार हाताने एकदम दाबलं की पोटाचे स्नायू ताठ होतात, मग आतलं काहीच कळत नाही. यकृताची कड हवी असेल तर उजव्या बरगडीखाली हात स्थिर ठेवून रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगतात. यकृत वाढलेलं असेल तर कड खाली सरकून आपणहून बोटांना लागते.

पॅल्पिटेशन, म्हणजे छातीत होणारी धडधड, याचा पॅल्पेशनशी काय संबंध, असंही त्या चर्चेत कोणीतरी विचारलंय. 'पाल्पितारे' हे त्याच क्रियापदाचं पुनरावृत्ती दाखवणारं रूप, म्हणजे पुन्हा पुन्हा हलणं, धडधडणं. 'पॅल्पेबल' (हाताला जाणवणारं) हा शब्द त्याच घरातला, आणि कीटकांच्या तोंडाजवळच्या चाचपणाऱ्या अवयवाचं 'पॅल्प' हे नावही. तेव्हा मराठीत 'दाबपरीक्षा' नको, 'स्पर्शपरीक्षा'च म्हणावं.