'साऱ्या घराला एकच यंत्र' : वणव्याच्या धुराविषयी एक चुकीचा सल्ला

फ्रीमाँटकर

परवा येथे एका सदस्याने लिहिले की, कॅलिफोर्नियात राहणाऱ्याने वणव्यांचे दिवस सुरू होण्याआधी एकच, पण चांगले महागाचे एअर प्युरिफायर घेऊन दिवाणखान्यात ठेवावे, त्यात आयोनायझर (हवेतल्या कणांना विद्युत्भार देणारा भाग) अवश्य असावा, खोक्यावर '१५०० चौरस फूट' असे छापलेले असले की साऱ्या घराची काळजी मिटली, आणि स्वस्तातली यंत्रे घेणारे लोक निव्वळ कंजूष आहेत. कंजूषपणाचा आरोप माझ्यावर घरातही होतो, त्याचे विशेष काही नाही. परंतु या सल्ल्यावर विसंबून कोणी दमेकरी मुलाला घेऊन घरात बसणार असेल, तर गप्प राहणे मला जमणार नाही.

खोक्यावरचा तो आकडा बहुतेक वेळा तासाभरात हवा एकदाच गाळली जाईल असे धरून काढलेला असतो. आठ फूट उंचीचे १५०० चौरस फुटांचे घर म्हणजे १२,००० घनफूट हवा. ती तासात एकदा गाळायला मिनिटाला २०० घनफूट पुरतात. धुराच्या दिवसांत मात्र ती तासाला निदान पाच वेळा गाळली जायला हवी, म्हणजे तेच यंत्र ३०० चौरस फुटांपुरते उरते. पाहायचा आकडा सीएडीआर हा आहे, म्हणजे यंत्र मिनिटाला किती घनफूट स्वच्छ हवा देते तो, आणि त्यातही धुरासाठी वेगळा दिलेला. एरवी तो खोलीच्या क्षेत्रफळाच्या दोन तृतीयांश असला तरी भागते, पण वणव्याच्या धुरासाठी तो क्षेत्रफळाइतकाच असावा, असे येथील घरगुती उपकरणे बनवणाऱ्यांची संघटनाच सांगते. बारा बाय पंधराच्या खोलीला १८०, इतका हा सरळ हिशेब आहे.

आयोनायझरविषयी तर बोलायलाच नको. त्यातून ओझोन निघू शकतो आणि ओझोनने फुप्फुसांची जळजळ होते. म्हणूनच कॅलिफोर्नियाने २०१० पासून घरगुती यंत्रांच्या ओझोनवर दशलक्षात ०.०५० भाग अशी मर्यादा घातली आहे. धुराने आधीच बेजार झालेल्या माणसासमोर असले यंत्र ठेवण्यात मला शहाणपण दिसत नाही. एक निजायची खोली निवडा, तिच्या दाराखिडक्या लावून घ्या आणि तिच्या मानाने मोठे यंत्र तेथेच चालू ठेवा.

सुखवस्तू

ज्या लिखाणाचा आपण समाचार घेतला ते माझे होते, आणि नाव न घेण्याची आपली सभ्यता मला पोहोचली. नोव्हेंबर २०१८ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातले पॅरडाइज गाव वणव्यात जळाले, तेव्हा तो धूर सॅन होजेपर्यंत येऊन जवळजवळ दोन आठवडे बसून राहिला होता. शाळांना सुटी द्यावी लागली होती. त्या दिवसांत माझी आई भारतातून आलेली होती आणि तिला खोकल्याची जुनी व्यथा आहे. आमच्या याच महागड्या यंत्राच्या जोरावर ती सुखरूप राहिली. गणित आपल्यापाशी असेल, माझ्यापाशी आई आहे.

शिवाय आपण एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली आहे. सीएडीआर मोजतात तो यंत्र पूर्ण वेगाने चालवून, आणि पूर्ण वेगाने चालणाऱ्या स्वस्त यंत्राशेजारी रात्री कोणी झोपून दाखवावे. मग माणूस वेग कमी करतो आणि आपले १८० कागदावरच राहतात. मोठे यंत्र मधल्या वेगावर, आवाज न करता तेच काम करते, आणि पैसे त्यासाठीच मोजावे लागतात.

फ्रीमाँटकर

आईंना बरे वाटले याचा आनंद आहे, पण त्यांना कशामुळे बरे वाटले हे आपल्याला ठाऊक नाही. खिडक्या बंद होत्या, त्या बाहेर जात नव्हत्या, आणि २१ तारखेला पाऊस आला. आवाजाचा मुद्दा मात्र मान्य करण्याजोगा आहे, आणि तो माझ्याच बाजूचा आहे, कारण 'खोलीच्या मानाने मोठे' असेच मी लिहिले होते. मोठे आणि महाग यांत फरक असतो. शिवाय ते यंत्र 'ऑटो'वर ठेवू नये. त्याचा सेन्सर त्याच्याच पोटात असल्याने, भोवतालची हातभर हवा स्वच्छ झाली की ते स्वतःवर खूश होऊन वेग कमी करते, आणि पलंगापाशी धूर तसाच राहतो.

डक्टटेप

आपण दोघेही दुकानदाराचेच भले करीत आहात. ऑगस्ट २०२० मध्ये हवेच्या शुद्धतेचे अभ्यासक रिचर्ड कोर्सी आणि फिल्टर कंपनीचे जिम रोझेन्थाल यांनी हवा गाळणारी जी घरगुती पेटी सुचवली, तिच्यासाठी वीस इंची बॉक्स फॅन (चौकोनी चौकटीतला पंखा), मर्व्ह १३ चे (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक गाळतो त्याची श्रेणी) चार फिल्टर, पुठ्ठा आणि चिकटपट्टी एवढेच लागते. चार फिल्टर उभे करून चौकोन करायचा, त्यांच्या कडेवरचे बाण आतल्या बाजूला येतील याची खात्री करायची, खाली पुठ्ठ्याचा तळ लावायचा आणि वर पंखा असा ठेवायचा की हवा छताकडे फेकली जाईल. पंख्याचे कोपरे झाकणारा, मध्ये गोल कापलेला पुठ्ठा लावायला लोक विसरतात. तो नसला तर कोपऱ्यांतून हवा उलटी आत शिरते आणि निम्मी मेहनत वाया जाते. आमच्याकडे ही पेटी दिवाणखान्यात आहे. दिसायला भिकार आहे, पण बाजारातल्या पुष्कळ नामवंत यंत्रांपेक्षा जास्त हवा गाळते.

सुखवस्तू

आणि रात्री पंख्याची मोटर तापून घर पेटले म्हणजे वणव्याची वाट पाहायला नको. तयार यंत्रातला हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. आपले मर्व्ह १३ त्या आकाराचे निम्मे अडवले तरी उत्तीर्ण होते.

डक्टटेप

पेटत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने (ईपीए) अशा पंख्यांची चाचणी करवून घेतली आहे, आणि फिल्टर धुळीने भरलेले असतानाही धोकादायक तापमान आढळले नाही. पंखा २०१२ किंवा त्यानंतरचा असावा, अशी त्यांची सूचना आहे. निम्मे कण अडवण्याचे म्हणाल, तर हवा त्या पेटीतून एकदाच जाऊन निवृत्त होत नाही. ती पुन्हा पुन्हा जाते, आणि जितकी जास्त हवा फिरते तितके एका फेरीतले उणेपण भरून निघते. हे फिल्टर विद्युत्भारावर चालतात आणि धुराने तो भार लवकर उतरतो, हे मी स्वतःच सांगून टाकतो, नाहीतर आपण तेही शोधून आणाल. दाट धुरात ते लवकर बदलावे लागतात.

सॅक्रामेंटोची काकू

आपल्या सर्वांच्या विद्वत्तेला नमस्कार करून एक बाईचा अनुभव सांगते. आमच्या यंत्राचा लाल दिवा वणव्यापेक्षा मोहरीच्या फोडणीने अधिक वेळा लागतो. बाहेर धूर, म्हणून खिडकी उघडता येत नाही. भाड्याच्या घरातली चूल पाहावी तर तिच्यावरचा पंखा जाळीतून हवा ओढून ती माझ्याच कपाळावर सोडतो. घरमालकाला याविषयी लिहिले तर 'नियमात बसते' असे एका ओळीचे उत्तर आले. म्हणून धुराच्या दिवसांत मी तळण बंद ठेवते, वरणाला वरून फोडणी देत नाही आणि सासूबाईंना उदबत्तीऐवजी फुलांवर भागवायला सांगते. त्या रागावतात. यंत्रांवर पैसे उधळण्याआधी पुरुषमंडळींनी आपल्या स्वयंपाकघरात डोकवावे.

वरणभात

हे अति झाले. धूर सरकारच्या जंगलातून येतो, आगी जुनाट विजेच्या तारांमुळे लागतात, आणि शिक्षा आमच्या वरणाला? ९ सप्टेंबर २०२० रोजी सॅन फ्रान्सिस्कोचे आकाश दिवसभर नारिंगी होते, तेव्हा कोणाच्या जिऱ्याने ते रंगले होते ते सांगावे. आपल्या लोकांना स्वतःच्याच जेवणाची लाज वाटू लागली की ते आरोग्याचे निमित्त शोधतात. येथील शेजारी परसात मांस भाजतात तेव्हा कोणी ब्र काढीत नाही.

सॅक्रामेंटोची काकू

लाज कोणाला वाटते? माझ्या घरची आमटी खाऊन मग बोलावे. मी दोन आठवड्यांची गोष्ट लिहिली आणि आपण संस्कृतीरक्षणाला निघालात. आपल्या घरी फोडणी देते कोण, हे विचारायचा मोह होतो, पण विचारत नाही.

हवाबंद

मी इमारतींच्या वायुवीजनाचे काम करतो, म्हणून मध्ये पडतो. काकूंचे म्हणणे शब्दशः खरे आहे. कडक तेलातली फोडणी बंद घरातले पीएम २.५ (हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) काही मिनिटांत बाहेरच्या धुराच्या पातळीला नेऊ शकते. ज्यांच्या चुलीवरचा पंखा हवा खरोखरच बाहेर फेकतो, त्यांची अडचण उलट आहे. त्याने मिनिटाला २०० घनफूट हवा बाहेर काढली, तर तितकीच हवा दाराखालून, खिडक्यांच्या फटींतून आणि न्हाणीघराच्या झरोक्यातून आत येणार, आणि ती हवा धुराची असणार. म्हणून पंखा फोडणीपुरता लावावा आणि लगेच बंद करावा. येथील घरांत स्वयंपाकघराला दारच नसते, तेव्हा तोपर्यंत निजायच्या खोलीचे दार लावून घ्यावे. वरणभात यांनी वरण करावे, फोडणी झाकणाखाली द्यावी.

ज्यांच्या घरी मध्यवर्ती एसी आहे, त्यांनी बाहेरची हवा घेणारा झडप-मार्ग बंद करून, यंत्रणेला झेपत असल्यास तेथेच मर्व्ह १३ चा फिल्टर बसवावा आणि पंखा सतत चालू ठेवावा. येथे हे अजून कोणीच लिहिलेले नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

वरणभात

झाकणाखाली दिलेली फोडणी ही फोडणी नव्हे. पण ठीक आहे, निजायच्या खोलीचे दार लावीन.

अल्टाडीनाजवळ

आपण सारे पीएम २.५ वर अडकला आहात, म्हणून वेगळे लिहिते. जानेवारी २०२५ मधील लॉस एंजेलिसजवळच्या ईटन आगीत आमचे घर वाचले, गल्लीतली बाकीची गेली. परतलो तेव्हा यंत्र आकडा उत्तम दाखवीत होते आणि घरात मात्र जळक्या प्लास्टिकचा वास मारीत होता. हेपाने कण अडतात, वायू अडत नाहीत. त्यासाठी सक्रिय कोळशाचा (अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा) फिल्टर लागतो, आणि बहुतेक यंत्रांत असतो तो काळा पातळ कापडी तुकडा थोड्याच दिवसांत भरून निकामी होतो. कोळसा किलोंत मोजावा लागतो. विमा कंपनीच्या माणसाने यंत्रावरचा हिरवा दिवा पाहून 'हवा स्वच्छ आहे' असे लिहून नेले, त्याचा संताप अजून गेलेला नाही.

कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की धुरातले वायू भिंती, फरशा आणि पडदे यांना चिकटून बसतात आणि नंतर हळूहळू पुन्हा हवेत येतात. यंत्र चालू असेपर्यंत ते कमी होतात, बंद केले की पुन्हा वाढतात. पृष्ठभाग धुतल्या-पुसल्याने मात्र खरा फरक पडतो. आम्ही राखेवर झाडू न फिरवता मास्क लावून ओल्या फडक्याने सारे घर पुसून काढले, आणि वास त्यानंतर हटला.

सुखवस्तू

म्हणजे शेवटी अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी फरशी पुसायला सांगितले. हे माझी आई २०१८ मध्येच करीत होती, तेव्हा श्रेय तिला द्यावे, यंत्राला नको. फ्रीमाँटकरांची इच्छा पूर्ण झाली. आयोनायझर बंद करण्याचे बटण आज पुस्तिकेत सापडले, ते दाबले आहे. '१५०० चौरस फूट' विषयी मी विक्रेत्यावर विश्वास ठेवला, आपल्यासारखा संशयी स्वभाव सर्वांना लाभत नाही. यंत्र आता निजायच्या खोलीत नेले आहे. विकणार मात्र नाही.

फ्रीमाँटकर

विकावे असे कोणी म्हटलेच नव्हते. खोलीच्या दाराखालच्या फटीत जुना टॉवेल गुंडाळून ठेवावा, आणि जादा फिल्टर मे महिन्यातच घेऊन ठेवावेत, कारण २०२० च्या सप्टेंबरात आमच्याकडे दुकानांतली फळ्यांवरची जागा रिकामी झाली होती. तारांमुळे वणवा लागू नये म्हणून वीज तोडली गेली तर यातले काहीही चालणार नाही, ऑक्टोबर २०१९ मध्ये लाखो लोकांना त्याचा अनुभव आला आहे. तेव्हा एन ९५ मास्कचे एक पाकीट घरात असू द्यावे.

डक्टटेप

आणि फिल्टर एक इंची घेऊ नयेत, दोन इंची घ्यावेत. पंख्यावर ताण कमी येतो आणि ते अधिक दिवस टिकतात. हे मी आधीच लिहिणार होतो, पण मध्ये वरण आले.